नजरेच्या वर, घोट्याच्या खाली

मुंबईत चालायचे तर समोर बघावे लागते. यात निवड नाही. समोरून हातगाडी येत असते, मागून कोणीतरी डोक्यावर पाटी घेऊन "साइड, साइड" ओरडत येतो, फुटपाथ मध्येच संपतो आणि चार पावलांवर वेगळ्याच उंचीला पुन्हा सुरू होतो. पॅरिसच्या छपराखालच्या बाजारगल्ल्यांतून उगाच हिंडणाऱ्या माणसावर वॉल्टर बेन्यामिनने पानेच्या पाने लिहिली. त्याला सकाळी अकराला क्रॉफर्ड मार्केटपासून मस्जिद बंदरपर्यंत चालवले असते, तर त्याच्या चिंतनाची जातच बदलली असती. इथे रेंगाळणाऱ्याला धक्का बसतो आणि धक्का देणाराच वर विचारतो, "दिसत नाही का?"

त्यामुळे मुंबईकराला आपले शहर एका पट्ट्यापुरतेच दिसते. कमरेपासून डोक्याच्या वर हातभर, एवढाच तो पट्टा. सगळ्यात महागही तोच. दुकानाचे भाडे, पागडी, काचेमागचा झगमगाट, सगळे एवढ्या उंचीसाठी. आणि महाग म्हणूनच तिथे काही टिकत नाही. काळबादेवीच्या अंगाला जिथे कधी तांब्यापितळेची भांडी मिळत, तिथे एसटीडी बूथ येतो, मग झेरॉक्स, मग मोबाइलची कव्हरे. बोर्डाच्या वर मात्र कोणी बोली लावत नाही आणि उंबऱ्याच्या खाली कोणाला काही विकता येत नाही. शहराचे वय बघायचे तर या दोन ठिकाणी बघावे, असे माझे मत हिंडता हिंडता पक्के होत गेले आहे. काय जपायचे हे शहर फारसे ठरवत नाही. ज्यातून कोणाला पैसा सुटत नाही, ते आपसूक मागे राहते.

वरचे मजले मागे राहिले याला तर चक्क कायद्याचे कारण आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० या दिवशी होती तिथे बांधून टाकली. दुसऱ्या महायुद्धात आणि फाळणीनंतर माणसांचे लोंढे येत होते, भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण दिवस गेले, पैशाची किंमत उतरली आणि येणाऱ्या भाड्यात चुना लावण्याचाही खर्च निघेना. मालकाने दुरुस्ती सोडली. दुरुस्ती सोडली म्हणजे बदल करणेही सोडले. म्हणून गिरगाव-भुलेश्वरात आजही मान वर केली की सागवानी गॅलऱ्या दिसतात, ओतीव लोखंडाचे वेलबुट्टीचे कठडे दिसतात, सज्जाखालचे कोरीव लाकूड दिसते. भिंतीच्या फटीत पिंपळ असतो आणि जिन्याखाली दुरुस्ती मंडळाने लावलेले टेकू असतात, जे तात्पुरते म्हणून आले आणि आता घरातल्यांइतकेच जुने झाले. वारसा वास्तू जपण्याचे नियम या शहराने केले ते १९९५मध्ये. त्याआधी जवळपास अर्धशतक हे काम घरमालकांच्या नाराजीने केले.

हे वर-खालचे गणित एकाच जागी बघायचे असेल तर क्रॉफर्ड मार्केटात जावे. शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, त्याच्या नावाची ही मंडई १८६९मध्ये उभी राहिली. आराखडा विल्यम इमर्सनचा. तळाशी बघाल तर फरशी स्कॉटलंडच्या केथनेसहून आणलेली, मोठमोठ्या लाद्यांची. माणसांच्या आणि पाट्यांच्या वर्दळीने ती गुळगुळीत झाली आहे. मधल्या उंचीवर आंब्याच्या पेट्या, परदेशी चॉकलेटे, प्लास्टिकच्या टोपल्या आणि "बघा तर साहेब, घेऊ नका" असा अखंड पुकारा. आणि प्रवेशदारांच्या वर दगडात कोरलेले शेतकरी, शेतात राबणारे. हे काम लॉकवुड किपलिंगचे. तो तेव्हा जे. जे. स्कूलमध्ये शिकवत होता, पुढे लेखक झालेल्या रुडयार्डचा बाप. त्याच्या शेतकऱ्यांकडे नीट बघावे. अंगाने ठाशीव, चेहऱ्याने शांत, कोणाचे देणे नसलेली माणसे वाटतात.

आता या मंडईचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. ज्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कर्जात, कोर्टकचेरीत आणि भटशाहीत पिचलेला शेतकरी मराठीत आणला, त्यांचे नाव किपलिंगच्या त्या समाधानी कुणब्याच्या अंगावर आले. फुले स्वतः पुण्यात भाजीपाल्याचा व्यापार आणि बांधकामाचे ठेके बघत, तेव्हा मंडई म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. त्यांना 'महात्मा' ही पदवी मिळाली तीही या मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभेत, ११ मे १८८८ रोजी. कोरीव शिल्पाचा आणि नावाचा असा सामना जुळवून आणायचे कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही. पण दारात उभे राहून आधी पाटी आणि मग वरचे शिल्प पाहिले, की एकाच शेतकऱ्याविषयीची दोन परस्परविरोधी विधाने एकावर एक ठेवलेली दिसतात. खाली तिसरे विधान आंब्याच्या भावाचे, ते तासातासाला बदलते.

वरच्या पट्ट्यात गंमतही आहे. हायकोर्टाच्या इमारतीत एका खांबाच्या माथ्यावर तराजू धरून बसलेले माकड आहे, त्याच्या एका डोळ्यावर पट्टी. कंत्राटदाराने रागापोटी ते कोरून घेतले अशी कथा सांगतात. खरी असो नसो, १८७८मध्ये इमारत पुरी झाली तेव्हापासून न्यायाधीश त्या माकडाच्या खालून जा-ये करत आहेत. त्याच वर्षी पुरा झालेला शेजारचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंदने आईच्या नावाने बांधवला. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे त्यावर इतक्या उंच बसवले आहेत की दुर्बिणीशिवाय कोण कोणत्या जातीचा हे कळत नाही. या शहरात ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

खालचा पट्टा याहून अवघड, कारण तो बुडत चालला आहे. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजत इंग्रजांनी रस्त्याकडेला मैलाचे दगड रोवले होते, काळ्या पाषाणाचे, रोमन आकडे कोरलेले. त्यांतले काही अजून जागेवर आहेत, पण शोधायचे ते पायाशी. पावसाळ्याआधी रस्त्यावर डांबराचा थर चढतो. रस्ता चढला म्हणून फुटपाथ चढतो. मग लाद्या उखडून पेव्हर ब्लॉक येतात, त्यांच्याखाली रेतीचा आणखी थर. दगड आहे तिथेच असतो, शहर त्याच्याभोवती वर येते आणि कधी काळी गाडीवानाला लांबून दिसणारा आकडा शेवटी वीतभर उरतो, कधी तेवढाही नाही. अलीकडे महापालिकेने काही दगड खणून वर काढले आणि पुन्हा नीट बसवले. जुन्या घरांना अशी सोय नाही. जोत्याच्या पायऱ्या चढून ज्या दुकानात जायचे, त्यात आता उतरून जावे लागते. उंबऱ्यावर सिमेंटची बुटकी भिंत घातलेली असते, ती ओलांडायची, आणि आतला मालक जून महिन्यात सगळा माल फळीवर चढवून बसलेला असतो.

याच उंचीवरच्या प्याऊंकडे मी नेहमी थांबतो. भात बाजारातला केशवजी नाईकांचा १८७६चा, फोर्टात मिंट रोडजवळचा रतनसी मूळजी जेठांचा १८९४चा. या दुसऱ्याच्या शिखरावर एक मुलगा पुस्तक वाचत बसला आहे. रतनसींचा मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला, त्याच्या आठवणीत हे सगळे उभे राहिले. मुलाकडे बघायला मान वर करावी लागते. पण प्याऊ मुळात बांधले गेले ते तहानेसाठी, आणि ती तहान एकट्या माणसाची नव्हती. शहराचे दळणवळण तेव्हा बैलांच्या आणि घोड्यांच्या अंगावर चाललेले. ट्रामसुद्धा १८७४मध्ये सुरू झाली ती घोड्यांचीच. म्हणून जुन्या प्याऊंना माणसांसाठी वर तोटी आणि जनावरांसाठी खाली दगडी डोणी असे. डोणीची उंची बैलाच्या तोंडाला जुळवलेली. माणसाखेरीज आणखी कोणाच्या तरी मापाने घडवलेली वस्तू भर बाजारपेठेत फार क्वचित दिसते. बैल गेले, घोडे गेले, आणि ज्या डोण्या उरल्या त्यांत बहुधा चहाचे कागदी कप असतात.

इथे एक खटकते. वर आणि खाली जे राहिले ते बहुतेक दगडात राहिले, आणि दगड घडवून घेण्याची ऐपत कापसावर पैसा केलेल्या सेठियांची होती किंवा सरकारची. बाकीच्यांचे काय? बाकीच्यांचे कधीकधी टाइलवर असते. जिन्याच्या वळणावर, कंपाउंडच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला ओळीने गणपती, येशू, साईबाबा, मक्केचा काबा. लोकांनी तिथे थुंकू नये म्हणून लावलेले. सर्वधर्मसमभावाचे इतके परिणामकारक उदाहरण दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

आणि लालबाग-परळकडे माझा सिद्धांत साफ कोसळतो, तो नाक्यावरच्या फळ्यापाशी. फळा बरोबर नजरेच्या उंचीवर असतो आणि त्यावर काहीही विकायला नसते. वरच्या चौकटीत मंडळाचे नाव पिवळ्या ऑइलपेंटने, कायमचे. खाली खडूने रोजचे. 'दुःखद निधन' ही अक्षरे लपेटदार, प्रत्येकीला उजवीकडून सावली दिलेली. हे काम नाक्यावरच्या एकाच मुलाचे असते आणि खडू ओला करून रेघ ठळक कशी करायची हे त्याला कोणी शिकवलेले नसते. त्याखाली अंत्ययात्रेची वेळ, राहत्या घरातून. अगदी तळाला, आक्रसलेल्या अक्षरांत, शिमग्याला कोकणात जाणाऱ्या गाडीचे बुकिंग. दुसऱ्या दिवशी ओले फडके फिरते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्या काळात या फळ्यांवर रोज काय लिहिले जात होते? त्यातले एक अक्षर भिंतीवर उरणे शक्य नव्हते. उरल्या त्या गिरण्यांच्या चिमण्या, काही काही, टॉवरांच्या आवारात शोभेला ठेवलेल्या. धूर ओकणारी वस्तू राहिली. तिच्या खाली उभे राहून जे लिहिले-वाचले गेले ते पुसले गेले.

म्हणून मधला पट्टा कागदावरच ठेवावा लागतो. मराठीत हे काम फार आधी झाले याचा मला अभिमान वाटतो. मडगावहून आलेल्या गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३मध्ये 'मुंबईचे वर्णन' छापले. कापसाच्या तेजीने शहर बेभान झाले होते आणि किल्ल्याचा तटही त्याच सुमारास पाडला गेला. माडगांवकरांनी बाजार, धंदे, देवळे, माणसांच्या रीती टिपून ठेवल्या, म्हणजे नेमके तेच, जे दगडात कोणी कोरले नसते. पुढे १८८९मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तान्त' आला. हे लोक चालले असणार. चालल्याशिवाय इतके बारकावे हाती लागत नाहीत.

चालण्याची मोकळीक सगळ्यांना सारखी नाही, हेही सांगायला हवे. मी पुरुष आहे, मला कुठेही भिंतीला टेकून वर बघत राहता येते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११मध्ये 'व्हाय लॉइटर' या पुस्तकात मुंबईतल्या बायकांविषयी हाच मुद्दा धरला: बाईला रस्त्यावर असायला कारण लागते, हातात पिशवी लागते, कानाला फोन लागतो. तेव्हापासून नाक्यावर नुसत्या उभ्या असलेल्या बायका दिसतात का, हे मी बघतो. बसथांब्यावर दिसतात.

वरचा पट्टा कोणी विकत घेत नाही, असे सुरुवातीला म्हटले. ते आता पूर्ण खरे नाही. एफएसआयच्या, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर किती बांधता येईल याच्या, हिशोबाने उंची हीच विकायची वस्तू झाली आणि भाडे कायद्याने जे मजले सांभाळले, तेच पुनर्विकासात सर्वात आधी खाली येतात. लोअर परळला नव्या टॉवरच्या कडेने चालून बघावे. पहिले सहा-सात मजले मोटारींचे, बाहेरून सरळसोट भिंत किंवा जाळी. ना बोर्ड, ना उंबरा, ना फळा. फुटपाथ रुंद आणि स्वच्छ असतो, त्यावरून विनाअडथळा चालता येते आणि बघण्यासारखे काहीही नसते.

गिरगावच्या वाड्यांतून मात्र अजून हटकले जाते. तोंडाशीच गॅलरीतून प्रश्न येतो, "कोण पाहिजे?" कोणी नको असणे हे संशयास्पद असते. अशाच एका वाडीत मी सज्जाखालच्या कोरीव मोरांकडे बघत होतो आणि वहीत काहीतरी टिपत होतो. पहिल्या मजल्यावरून बनियनमधले आजोबा वाकले.

"बिल्डरकडून आलात काय?"

"नाही, आजोबा. नुसतं बघतोय. हे लाकूडकाम फार सुंदर आहे तुमचं."

"आधीचा आलेला तोही असंच म्हणाला होता. पुनर्विकासाच्या तेहतीस-सात नियमात चारशे पाच फूट कार्पेट देतो म्हणाला." ते थोडे आणखी वाकले. "मोरांचं सोडा. तुम्ही पार्किंगचं बोला."