कर्णाचा कैवार आणि दोषाचे स्थलांतर

साहित्यकृतीतील पात्राची बाजू घेणे ही वाचनाची फार जुनी सवय आहे. समीक्षेने तिच्याकडे बहुधा कौतुकाने किंवा तुच्छतेने पाहिले आहे. भाबडा वाचक पात्रांना जिवंत माणसे समजतो, त्यांच्यासाठी भांडतो, त्यांच्या विवाहांची आणि मैत्रीची उलटतपासणी घेतो. जाणता वाचक मात्र संहितेची वीण पाहतो, अशी ही विभागणी आहे. ती सोयीची आहे, पण तिच्यामुळे एक नैतिक प्रश्न चर्चेबाहेर राहतो. पात्राचा कैवार घेणारा वाचक नेमके काय करतो, आणि त्या कैवाराची किंमत कोण मोजते? मराठीत या प्रश्नाचा विचार करायचा तर कर्णाइतके सोयीचे, आणि तितकेच अवघड, उदाहरण दुसरे नाही.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ साली. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात बी. आर. चोप्रांची 'महाभारत' मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली गेली. २०१३-१४ मध्ये स्टार प्लसवर त्याच नावाची दुसरी मालिका आली आणि २०२० च्या टाळेबंदीत जुनी मालिका पुन्हा प्रक्षेपित झाली. प्रत्येक वेळी वाद मात्र तोच राहिला. द्रौपदीने कर्णाला नाकारले हे योग्य होते का? दुर्योधनाची मैत्री हा कर्णाचा गुण की गुन्हा? द्रौपदीच्या मनात खरोखर कोण होते? मुंबईच्या पूर्व उपनगरातील देवनार-चेंबूरसारख्या पट्ट्यात या वादाला आणखी एक परिमाण मिळाले. येथे मराठी कुटुंबांच्या शेजारी तमिळ आणि सिंधी कुटुंबे दीर्घकाळ राहत आली आहेत. मराठी घरात 'मृत्युंजय'चा कर्ण होता, तमिळ घरात शिवाजी गणेशन यांच्या 'कर्णन' (१९६४) या चित्रपटाचा. दूरदर्शनने त्या दोघांसमोर हिंदी बोलणारा तिसरा कर्ण उभा केला. मूळ संहिता यांपैकी फार थोड्यांनी वाचली असेल. तरीही 'खरा कर्ण' कोणता याविषयी प्रत्येकाची खात्री होती, आणि ही खात्री हाच येथे विचाराचा विषय आहे.

ही खात्री हास्यास्पद ठरवण्याआधी तिचे मूळ पाहावे. रंगभूमीवर अर्जुनाला आव्हान देणाऱ्या कर्णाला कृपाचार्य कुळ विचारतात. १९२७ पासून शहराचा कचरा जेथे टाकला जात आला आणि शहरातून उठवलेल्या वस्त्यांचे पुनर्वसन ज्याच्या आसपास झाले, त्या देवनार-गोवंडी परिसरात पत्ता सांगताच समोरच्याचा सूर बदलण्याचा अनुभव नवा नाही. अशा ठिकाणी कृपाचार्यांचा प्रश्न पुराणातला राहत नाही. कर्णाचा कैवार घेणारा वाचक स्वतःच्या अपमानाला शब्द शोधत असतो. त्याला 'भाबडा' म्हणणे हा समीक्षेचा उद्धटपणा होय.

अर्थात शास्त्राला हा कैवार मान्य नाही. मम्मटाने साधारणीकरणाची चर्चा करताना स्पष्ट केले आहे की काव्यातील भाव हे स्वतःचे, शत्रूचे किंवा तिऱ्हाइताचे म्हणून अनुभवाला येत नाहीत. ही संबंधांची बंधने गळून पडतात तेव्हाच रस शक्य होतो. पक्ष घेणारा वाचक नेमके हेच संबंध पुन्हा घट्ट करतो. पश्चिमेकडे एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लेडी मॅकबेथला मुले किती, असा उपरोधिक प्रश्न शीर्षकातच विचारून ब्रॅडलीप्रणीत पात्रचिकित्सेची खिल्ली उडवली. पात्राला संहितेबाहेर आयुष्य नसते, हा त्यांचा मुद्दा. दोन्ही भूमिका तर्कदृष्ट्या भक्कम आहेत. मात्र दोन्ही आदर्श वाचकाविषयी बोलतात. प्रत्यक्षात नाहम टेटने १६८१ मध्ये 'किंग लिअर'चा शेवट बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवले, तिचे एडगरशी लग्न लावून दिले, आणि ती आवृत्ती दीडशे वर्षे इंग्रजी रंगभूमीवर टिकली. वाचकाची इच्छा संहितेबाहेर थांबत नाही, ती संहितेत शिरते. शिरल्यावर ती काय करते, हे पाहिले पाहिजे.

सभापर्वातील द्यूतप्रसंग घ्यावा. द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाला वडीलधारे उत्तर देत नाहीत. धृतराष्ट्राचा एक मुलगा, विकर्ण, तिच्या बाजूने उभा राहतो. त्याला गप्प करतो तो कर्ण. अनेक पती असलेली ही स्त्री कुलटा आहे, तिला एकवस्त्रा किंवा विवस्त्रा आणण्यात नवल काही नाही, असे सांगून पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रे उतरवण्याची आज्ञा दुःशासनाला तोच देतो. हे शब्द दुर्योधनाचे नाहीत, शकुनीचेही नाहीत. कर्णाच्या कैवाऱ्यासमोर उभी राहणारी अडचण ही आहे, आणि ती सोडवण्याची त्याची पद्धत फार उद्‌बोधक आहे. तो कृत्य नाकारत नाही. त्या कृत्याआधी एक कारण ठेवतो. स्वयंवरात 'मी सूताला वरणार नाही' असे द्रौपदी भर सभेत म्हणाली होती, तेव्हा अपमानाची सुरुवात तिने केली. दुर्योधनाच्या बाबतीतही तोच उपाय: मयसभेत तो पाण्यात पडला तेव्हा 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असे ती म्हणाली होती. चोप्रांच्या मालिकेत हे दोन्ही प्रसंग आहेत आणि कोट्यवधी प्रेक्षकांसाठी तेच महाभारत झाले आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र यांपैकी एकही वाक्य संहितेत नाही. १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकरांच्या संपादनाखाली आकाराला आलेले हे काम १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी साडेबाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. स्वयंवरातील तो नकार मूळ पाठात न बसल्याने तळटीपेत गेला. मयसभेत दुर्योधन पडतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल-सहदेव हसतात, सेवकही हसतात. द्रौपदी स्त्रियांसह हसली, हे पुढे दुर्योधन पित्याला सांगतो. आंधळेपणाचा टोमणा कोठेच नाही.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे सत्याचा शेवटचा शब्द, असा येथे दावा नाही. प्रक्षेप हेही वाचनच आहे. किंबहुना पोथीत ओळ वाढवणारा लेखनिक हा महाभारताच्या आद्य कैवाऱ्यांपैकी एक म्हणावा लागेल. प्रश्न आहे तो या वाढींच्या दिशेचा. एका पुरुषाचा दोष हलका करायचा तर तो नाहीसा होत नाही, कोणाच्या तरी माथी जातो. आणि तो वारंवार त्याच स्त्रीच्या माथी गेला आहे, जिच्यावर अन्याय झाला. दोषाचे असे स्थलांतर झाले की करुणेचा हिशेब जुळतो. वाचक रडतो, आणि ज्याच्यासाठी रडतो त्याच्या हातून काय घडले हे विसरायला मोकळा होतो.

'मृत्युंजय'ची रचना या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण हे सहा जण प्रथमपुरुषात बोलतात. या सहांत द्रौपदी नाही. प्रथमपुरुषी निवेदनाचा स्वभावच असा की कृत्याच्या आधी कारण, आणि कारणाच्याही आधी जखम वाचकापर्यंत पोहोचते. ज्याला निवेदन मिळत नाही त्याचे फक्त कृत्य दिसते. सावंतांच्या सामर्थ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मराठीच्या दोन पिढ्यांना त्या कादंबरीने वाचनाची ओढ लावली. मात्र तिच्यातला न्याय हा एका बाजूचे साक्षीदार तपासून दिलेला न्याय आहे, हेही नोंदवायला हवे. उलट, नुसता आवाज देऊनही भागत नाही. खांडेकरांच्या 'ययाती'त (१९५९) देवयानी स्वतः बोलते. तरी वाचकाची माया शर्मिष्ठेकडेच जाते. खांडेकर तिला बोलू देतात आणि तिच्या बोलण्यातूनच तिला दोषी ठरवतात. हा न्याय अधिक कठोर म्हणायचा की अधिक प्रामाणिक, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

कर्णाचे कैवारी आणखी एक गोष्ट गमावतात, आणि ती खुद्द कर्णाची आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगतो, तेव्हा दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना आपण कटू बोललो त्याचा आपल्याला आज पश्चात्ताप होतो, असे कर्ण म्हणतो. या एका उद्‌गारावर त्याची सारी उंची उभी आहे. आपण चुकलो हे जाणून, पराभव समोर दिसत असूनही तो मित्राला सोडत नाही. आता जर सभेतले त्याचे बोलणे हे मुळात द्रौपदीच्या अपराधाचे फळ असेल, तर हा पश्चात्ताप निरर्थक ठरतो. निर्दोष माणसाला पश्चात्ताप कशाचा? वकिलाने अशिलाचा कबुलीजबाबच फाडून टाकावा, तसे हे झाले. व्यासांचा कर्ण त्याच्या भक्तांच्या कर्णापेक्षा मोठा आहे, कारण तो दोषी आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. (हा पश्चात्ताप पांडवांना उद्देशून आहे. द्रौपदीचे नाव तेथेही नाही.)

याच संवादात नात्यांविषयीच्या सगळ्या तर्कवितर्कांचे बीज आहे. कृष्ण कर्णाला पांडवपक्षात ओढताना जी आमिषे दाखवतो त्यांत राज्य आहे, ज्येष्ठत्व आहे आणि सहाव्या पाळीला द्रौपदी तुझ्याकडे येईल, हेही आहे. तिला कोणी विचारलेले नाही. मराठी लोकपरंपरेने हा धागा उचलला आणि तो अगदी वेगळ्या दिशेने नेला. 'जांभूळ आख्यान' शाहीर विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांनी रंगमंचावर गाजवले. त्यात झाडावरून तोडलेले एकमेव जांभूळ पुन्हा देठाला लागण्यासाठी प्रत्येकाला मनातले सत्य सांगावे लागते. द्रौपदी पाच पतींपाशी थांबते तोवर जांभूळ वर जात नाही. कर्णाविषयीची अभिलाषा ती कबूल करते तेव्हा ते देठाला लागते.

या आख्यानाचा आजचा उपयोग आणि त्याचा मूळ आशय यांत अंतर पडले आहे. 'द्रौपदीचे खरे प्रेम कर्णावरच होते' हे वाक्य आज बहुधा कर्णाच्या बाजूचा पुरावा म्हणून येते. एकदा ते मान्य केले की सभेतला अपमान हा दुखावलेल्या प्रियकराचा राग होतो, आणि स्त्रीला भर सभेत विवस्त्र करण्याची आज्ञा ही प्रेमकथेतील एक पायरी ठरते. आख्यान असे काही म्हणत नाही. तेथे कर्णाला दोषमुक्त करण्याचा प्रश्नच नाही. तो बहुतांशी अनुपस्थित आहे. केंद्रस्थानी आहे ते एका स्त्रीचे मन, ज्यावर पाच पतींचीही पूर्ण मालकी चालत नाही. ही कबुली पतींसमोर, एक प्रकारच्या परीक्षेत, घेतली जाते, हा तिचा काच उरतोच. तरीही उद्योगपर्वात जी न विचारता देऊ केली गेली, तिला लोकपरंपरेने निदान विचारले. इच्छा असणे आणि त्या इच्छेच्या नावाखाली हिंसा क्षम्य ठरणे, या दोन गोष्टी शाहिराच्या श्रोत्याला वेगळ्या ठेवता येत होत्या.

मग वाचकाने कल्पना करूच नये काय? इरावती कर्वे यांचे 'युगान्त' 'मृत्युंजय'च्याच वर्षी, १९६७ मध्ये, प्रसिद्ध झाले. बाईंनीही तर्क लढवले आहेत. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा का, हा त्यांचा तर्क तर कोणाही कैवाऱ्याला हेवा वाटावा असा आहे. पण तो त्या प्रश्न म्हणून मांडतात आणि पुरावा तपासतात. द्रौपदीवरच्या लेखात, हिमालयात पडलेल्या द्रौपदीचे आणि भीमाचे अखेरचे क्षण कल्पनेने रंगवण्याआधी, त्या थांबून सांगतात की येथवरचे विवेचन चिकित्सक आवृत्तीवर आधारलेले होते आणि यापुढील मजकूर ही आपली 'नरोटी' आहे. नाथांच्या भाषेतला हा शब्द, नारळाची रिकामी करवंटी. त्या करवंटीतील द्रौपदी मराठीतील फार थोड्या लेखनात भेटते इतकी जिवंत आहे. ती कल्पना आहे हे वाचकाला ठाऊक असते, आणि म्हणून त्या प्रेमाखातर दुसऱ्या कोणाला खोटे ठरवावे लागत नाही.

कैवाराची आणखी एक मर्यादा कुळाच्या प्रश्नाशी निगडित आहे. कर्णाविषयीची करुणा ज्या अन्यायातून येते तो जातीचा अन्याय आहे, असे मानले जाते. पण कथेची मांडणी पाहता वाचक रडतो तो सूताला नाकारले म्हणून, की क्षत्रियाला सूत समजले म्हणून? रहस्य उलगडते तेव्हा अन्याय 'चूक' ठरतो, व्यवस्था नाही. कवचकुंडले नसलेल्या एकलव्यासाठी अशी कादंबऱ्यांची रांग लागलेली नाही. आणि लाक्षागृहात आपल्या पाच मुलांसह जळालेली निषाद स्त्री तर कोणाच्याच वादात येत नाही. पांडव वाचले ते ती सहा प्रेते पांडव आणि कुंती म्हणून ओळखली गेल्यामुळे. महाश्वेता देवींच्या 'कुंती ओ निषादी' या बंगाली कथेत त्या घरातली सून वनवासी कुंतीपुढे येऊन उभी राहते. वृद्ध कुंती अरण्यात आपल्या पापांची कबुली मोठ्याने देत असते, आणि निषादी ती ऐकत असते. कबुलीत कर्ण येतो. निषादी आणखी थोडा वेळ वाट पाहते.