एकाच झोताचे अनेक उजेड

चिखली तालुक्यातल्या उंद्रीत एप्रिलच्या रात्री शेताच्या बांधावर उभं राहिलं की उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्याच तारकासमूहात, सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षांवर, मार्केरियन ४२१ ही दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. तिच्या कृष्णविवरापासून निघालेला झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं आपल्याच रोखानं येतो. अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात.

हा झोत रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत सगळीकडे उजळतो. हे सगळे उजेड एकाच जागचे आहेत का, हा मला त्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. गॅमा किरणांच्या दुर्बिणीला झोताचा उगम नुसता ठिपका दिसतो, त्यामुळे चित्र पाहून जागा ठरत नाही. हाती उरतो तो काळाचा हिशोब: आधी कोण भडकलं, मागून कोण.

चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण देतात आणि तेच इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धडकून त्यांना गॅमा किरणांच्या ऊर्जेपर्यंत नेतात. म्हणून मार्केरियन ४२१ मध्ये हे दोन्ही बहुधा जोडीनं चढतात. रेडिओची गोष्ट वेगळी. झोताच्या मुळाशी दाटलेले इलेक्ट्रॉन स्वतःच्याच रेडिओ लहरी गिळतात. भडका पुढे सरकून विरळ झाला की मगच त्या सुटतात. अनेक ब्लेझारांत रेडिओची वाढ आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसते.

पण २००२ मध्ये १ईएस १९५९+६५० या ब्लेझारचे गॅमा किरण उसळले आणि क्ष-किरण शांत राहिले. जोडी मोडली. त्या एका घटनेनं झोतात प्रोटॉनही काम करतात का, हा वाद पुन्हा जिवंत केला. जुळलेल्या शंभर नोंदींपेक्षा अशी एक न जुळणारी नोंद मला जास्त शिकवते.

अशी नोंद पकडायला सगळ्या दुर्बिणींनी एकाच वेळी पाहायला हवं. आपल्याकडे साधनं आहेत: जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २०१५ पासून अवकाशात असलेला, क्ष-किरण टिपणारा ॲस्ट्रोसॅट उपग्रह, लडाखात हानले इथे भाभा अणुसंशोधन केंद्राची गॅमा किरणांसाठीची २१ मीटरची मेस दुर्बीण. मेसला अंधारी, निरभ्र रात्र लागते. खोडदला दिवसाही काम चालतं. हानलेवर ढग आले की त्या रात्रीची गॅमा किरणांची जागा आपल्या नोंदींच्या तक्त्यात कायमची रिकामी राहते, आणि नेमका त्याच रात्री क्ष-किरणांचा भडका झाला असेल, तर तो एकटा होता की जोडीनं, हे त्या तक्त्यावरून पुढे सांगता येत नाही.