छाप्याची आहे

"हे तू काढलंयस?"

दिवाळीच्या आधी आमच्या ऑफिसात छंदवाल्यांचे स्टॉल लागतात. कोणी आकाशकंदील आणतं, कोणी मेणबत्त्या, कोणी आईच्या हातच्या चकल्या. माझ्या टेबलावर १८ ग्रीटिंग कार्डं होती, प्रत्येकी १५० रुपये. विचारणारी मुलगी दुसऱ्या कुठल्यातरी टीममधली होती. कार्डावरच्या पारिजातकावरून तिने बोट फिरवलं. उठावदार पाकळ्या बोटाला लागल्या तशी तिने मान वर करून मला विचारलं.

मी म्हणालो, "हो."

या एका 'हो'बद्दल मला लिहायचं आहे. तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

आधी ते कार्ड कसं होतं ते सांगतो. दिवसभर कोड लिहिल्यावर रात्री मला हाताला चिकटेल असं काहीतरी करावंसं वाटतं, म्हणून मी कागदावर मिक्स्ड मीडिया करतो. म्हणजे एकाच कागदावर वेगवेगळी माध्यमं थराथराने चढवायची. ३०० जीएसएमचा जाड कागद घ्यायचा. त्यावर गेसोचा पांढरा हात द्यायचा, म्हणजे कागद पुढचं ओझं पेलतो. मग जुन्या पंचांगाच्या पानांचे फाडलेले तुकडे चिकटवायचे. हाताने फाडलेलेच हवेत, कात्रीची कड वरच्या रंगातूनही दिसत राहते. त्यावर स्टेन्सिल ठेवून टेक्स्चर पेस्ट ओढायची. विकतची महाग पडते म्हणून मी फेविकॉल, टाल्कम पावडर आणि पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग मिसळून घरीच करतो. पॅलेट नाइफ तिरका धरून एकाच दिशेने ओढायचा, आणि स्टेन्सिल सरळ वर उचलायचं. जरा सरकलं की नक्षीचं पिठलं होतं. पेस्ट रात्रभर वाळली की वरून पातळ रंग फिरवून ओल्या फडक्याने लगेच पुसायचा. उंचवट्यावरचा रंग निघून जातो, खाचांमधला राहतो. त्या उरलेल्या रंगामुळे कालचं कार्ड कुणाच्या तरी जुन्या ट्रंकेतून निघाल्यासारखं दिसायला लागतं.

माझ्या कार्डावर शेवटी दिसत होता तो पारिजातक. पांढऱ्या, भिंगरीसारख्या वळलेल्या पाकळ्या आणि मध्ये बोटाने टेकवलेला केशरी ठिपका. पंचांग, गेसो, पुसलेला रंग हे सगळं त्याच्या मागे होतं. लोक कार्ड उचलत होते ते पारिजातकासाठी.

आणि पारिजातक माझा नव्हता.

ते स्टेन्सिल माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीने कापलं होतं. तिच्या बाबांच्या गुडघ्याची जुनी एक्स-रे फिल्म होती ती. एक्स-रेची फिल्म स्टेन्सिलला फार चांगली. पातळ असते, चिवट असते, धुतली तरी वाकत नाही. सर्जिकल ब्लेडने तिने त्यावर ११ फुलं कापली होती. स्टेन्सिल कापण्यातली अडचण ज्याने कापलंय त्यालाच कळते. फुलाच्या मधोमध ठिपका ठेवायचा तर त्याच्या भोवतीचं कडं कशाला तरी धरून राहायला हवं, नाहीतर तेच गळून पडतं. म्हणून दर दोन पाकळ्यांच्या मध्ये एक पट्टी सोडावी लागते. ती जाड झाली तर फूल तुटक दिसतं, बारीक राहिली तर पॅलेट नाइफच्या पहिल्याच फटक्यात फाटते. तिच्या पट्ट्या जेमतेम मिलिमीटरभर होत्या आणि एकही फाटलेली नव्हती. बेंगळुरूला जाताना ते तिने मला दिलं. "माझ्याकडे पडून राहील, तू वापर," म्हणाली.

आणखी एक गोष्ट आहे. एक्स-रेच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव पांढऱ्या अक्षरांत छापलेलं असतं. नक्षी कापताना नाव अर्धं गेलं होतं, पण आडनाव शाबूत होतं. तिचंच आडनाव. तिथे पेस्ट लागू नये म्हणून मी त्या कोपऱ्यावर मास्किंग टेप लावली होती. त्यामागे खरोखर दुसरं काही कारण नव्हतं. पण 'हो' म्हटल्यानंतर ती टेप मला वेगळी दिसायला लागली.

स्टॉलचा फोटो मी स्टेटसला टाकला. रात्री तिचा मेसेज आला. "पारिजातक छान आलाय."

बस, एवढाच. ना टोमणा, ना प्रश्नचिन्ह. मी खाली हार्ट टाकला आणि फोन उलटा ठेवला.

पुढचे काही दिवस मी मनातल्या मनात स्वतःची वकिली करत होतो. पहिला मुद्दा, बहुतेक काम माझंच आहे. हे खोटं नाही. तेच स्टेन्सिल दुसऱ्याच्या हातात दिलं तर पेस्ट खालून पसरेल, रंग चिखल होईल. दुसरा मुद्दा, तिनेच वापर म्हणून सांगितलं होतं, म्हणजे परवानगी होती. तिसरा मुद्दा सगळ्यात हुशार. स्वतःचं असं कोणाचं काय असतं? कागद मी केला नाही. पारिजातक तर कुणीच केला नाही. रोज ऑफिसात मी जो कोड लिहितो तो शेकडो अनोळखी लोकांच्या लायब्ररींवर उभा असतो. सगळे थरच आहेत, मग वरच्या थरावर सही कोणाची हा प्रश्नच बालिश आहे.

हा तिसरा मुद्दा मला इतका आवडला की त्यावरच लेख लिहावा असं वाटलं होतं. मग लक्षात आलं, तो मला आठवला कधी? नेमका एका माणसाचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मी कधी 'स्वतःचं असं कोणाचं काय असतं' असं लिहिलेलं नाही. तिथे मी 'हे मॉड्यूल मी बांधलं' असं लिहितो आणि आकडे देतो. सगळं सगळ्यांचं असतं हे तत्त्व मला फक्त देणं चुकवताना पटतं, घेणं वसूल करताना पटत नाही. एवढ्यावरून तत्त्व खोटं ठरत नाही. मी ते कशाला वापरत होतो एवढंच त्यावरून कळतं.

परवानगीचा मुद्दा जरा जास्त अवघड आहे. आमच्या धंद्यात एमआयटी लायसन्स नावाचा प्रकार आहे. त्याखालचा कोड कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, पैसे मागणार नाही. अट एकच. मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा. कागदाच्या कलेतही असंच काहीसं आहे. रबर स्टँप विकणाऱ्या बऱ्याच परदेशी कंपन्यांची 'एंजल पॉलिसी' असते. आमचे शिक्के वापरून हाताने केलेली कार्डं तुम्ही विकू शकता, यंत्रावर त्यांच्या प्रती काढायच्या नाहीत. काही जण जोडीला आपलं नाव लिहायला सांगतात. म्हणजे वापरायची मुभा आणि कोणाचं आहे ते सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वकिलांना आणि शिक्के विकणाऱ्यांनाही माहीत आहे. मैत्रिणीने लायसन्स दिलं नव्हतं, कारण मैत्रिणी देत नाहीत. तिने अट घातली नाही याचा अर्थ मी अट नाही असा घेतला. खरं म्हणजे ती सांगावी लागेल असं तिला वाटलंच नव्हतं.

मग मी तिचं घेतलं तरी काय? स्टेन्सिल तिनेच दिलेलं. पैसे तिने मागितले नसते. माझ्या मते मी घेतले ते दोन सेकंद. त्या मुलीने मान वर करून विचारलं तेव्हा मी म्हणू शकलो असतो, "नक्षी माझ्या मैत्रिणीची आहे, बाकी मी केलंय." अशी नक्षी कापणारी कोणीतरी बेंगळुरूमध्ये राहते हे त्या दोन सेकंदांत एका अनोळखी माणसाला कळलं असतं. ते दोन सेकंद तिचे होते. मी ते माझ्या नावावर जमा केले.

या सगळ्यात मला आजी आठवली. साताऱ्याला आमच्या दारात ती रोज ठिपक्यांची रांगोळी काढायची, पण दिवाळीत तुळशीबागेतून आणलेला पत्र्याचा गोल छापा वापरायची. भोकांवर पांढरी रांगोळी पसरायची, छापा हलकेच ठोकायचा, उचलायचा, की कमळ तयार. मग चिमटीने रंग. येणारी-जाणारी एखादी बाई थांबून म्हणायची, "काय सुरेख काढलीय हो!" त्यावर आजीचं उत्तर ठरलेलं होतं. "छाप्याची आहे गं. रंग तेवढे मी भरलेत."

लहानपणी मला याचा राग यायचा. कौतुक होतंय तर घ्यावं ना गप्प! आता वाटतं, यापेक्षा चोख हिशेब मी ऐकलेला नाही. नक्षी छाप्याची, ती कुणी पाडली ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती छाप्याच्या नावावर. रंग तिचे, आणि तेही ती सोडत नव्हती. उगाच "माझं कसलं त्यात" असली नम्रता नव्हती. जेवढं होतं तेवढं सांगायची, न विचारता सांगायची, आणि पुढच्या रंगाला हात घालायची.

तिला जमायचं ते मला का जमलं नाही? आजीची रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडूने जायची, माझ्या कार्डावर किंमत होती, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण खरं कारण मला वाटतं वेगळं आहे. छापा वापरण्यात कमीपणा आहे असं आजीला वाटत नव्हतं. मला वाटत होतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला 'बघून काढलंय' हा आरोप असायचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारली आहे. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि पेन्सिल. मग खालच्या चौकटीत 'ड्रॉन बाय'समोर बिनदिक्कत आपलं नाव. दुसऱ्याच्या रेघेवरून हात फिरवणं म्हणजे चोरी, आणि चोरी म्हणजे लपवायची, एवढंच आम्ही शिकलो. ती उघडपणे सांगितली तर चोरी राहत नाही, हे काही कुणी शिकवलं नाही.

जपानमध्ये हे उघडपणे सांगण्याची एक जुनी रीत आहे. इसे-कातागामी नावाची कागदी स्टेन्सिलं तिथे मिए प्रांतातल्या सुझुका भागात कापली जातात. हातकागदाचे थर कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने एकमेकांना चिकटवून कडक कागद करतात आणि त्यात बारीक नक्षी कापतात. रंगारी ते स्टेन्सिल कापडावर ठेवून तांदळाच्या खळीचा लेप देतो, पुन्हा पुन्हा, अख्खं ठाण संपेपर्यंत. किमोनो घालणाऱ्याला कागद कापणारा कधी दिसत नाही. तरीही १९५५ साली जपान सरकारने या कामातल्या ६ कारागिरांना, लोक ज्याला 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात तो मान दिला. त्यांतल्या एका बाईंचं कौशल्य होतं 'इतोइरे'. नक्षी हलू नये म्हणून स्टेन्सिलच्या दोन थरांमध्ये रेशमी धागे बसवायचे. कापडावर त्या धाग्यांचा मागमूसही राहत नाही. ज्या कामाची खूण उरू नये हेच त्या कामाचं यश, त्याच्यासाठी एका बाईचं नाव सरकारी दप्तरात नोंदलं गेलं. मला माझ्या मास्किंग टेपची लाज वाटली.

शेवटी १९ दिवसांनी मी मैत्रिणीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं की मी 'हो' म्हणालो होतो. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाईट वाटलं होतं. फार नाही, पण वाटलं होतं." मी सॉरी म्हणालो. ते जेवढं मोठं असायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

मग ती म्हणाली, "पण नक्षी पूर्ण माझी नाहीये हं. आईच्या रुखवतात एक टेबलक्लॉथ होता, त्यावरच्या भरतकामातली आहे. त्यात पाकळ्या सरळ होत्या. वळवल्या मी."

माझा तिसरा मुद्दा लगेच उठून उभा राहिला. बघ, तिनेही घेतलीच की कुठूनतरी! पण तिने ते कसं सांगितलं हेही मी ऐकलं होतं. मी विचारलेलं नसताना, आणि नेमकं. फुलं आईची, वळण माझं. रंग तेवढे मी भरलेत. दोन वाक्यं एकाच घरातली वाटावीत, खरं तर या दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. खाली आणखी थर आहेत म्हणून वरच्या थराचं देणं फिटत नाही. उलट एक नाव वाढतं.

आता प्रत्येक कार्डाच्या मागे मी तीन ओळी लिहितो. फुलं कोणाच्या रुखवतातली, पाकळ्यांचं वळण आणि कापणी कोणाची, थर आणि रंग कोणाचे. नावांनिशी, दोघींना विचारून. कोपऱ्यावरची टेप काढली आहे. पेस्ट लागते कधी कधी आडनावावर, मग लगेच धुवावं लागतं. मागची बाजू फारसं कोणी वाचत नाही. आजीचं उत्तर ऐकायला तरी कोण थांबायचं?

ती पहिली १८ कार्डं मात्र कुठे कुठे गेली ते मला माहीत नाही. त्यांच्या मागे पेन्सिलीने फक्त किंमत लिहिलेली आहे.