नवस बोलला, पाय मुरगळला



सप्टेंबर आला की श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउलीकडे पायी जाणाऱ्यांची तयारी सुरू होते. ईटहून जामखेड, अहिल्यानगर करत जायचे म्हणजे अनेक दिवसांची चाल. आपल्या भागाला हे नवे नाही. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी परंड्यावरून पंढरपूरला जाते, आणि कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता अनवाणी पायांनी भरून वाहतो. नवस कोणाचाही असो, डांबर सगळ्यांचे तळवे सारखेच भाजते.

मागे एका यात्रेत आपल्यातल्या एका बाईंचा घोटा मुरगळला. सुजून डब्यासारखा झाला, तरी त्या टेम्पोत बसेनात. म्हणाल्या, “फादर, पायी येईन असं बोलले होते. बसले तर नवस मोडला ना?” प्रश्न साधा वाटतो, पण तो फार जुना आहे. दिलेला शब्द आणि दिलेले शरीर यांत ओढाताण झाली तर माणसाने कोणाचे ऐकावे?

याचे उत्तर शोधताना मला संत इग्नेशियस लोयोला आठवतात. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय फोडला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवले. मग गुडघ्याखाली एक तुकडा वर आला. घट्ट बूट घालता यावा एवढ्यासाठी त्यांनी तो कापून घेतला, तेही भूल नसलेल्या काळात! (देखणेपणासाठी माणूस किती सोसतो पाहा. भक्तीसाठी एवढे सोसणारे कमीच.) पाय आखूड राहिला तो राहिलाच. पुढे जन्मभर ते लंगडत चालले आणि आपल्या आयुष्याची हकिकत सांगताना स्वतःला नाव दिले ‘यात्रेकरू’.

त्या हकिकतीत एक बारीक गोष्ट आहे. १५२२ मध्ये यरुशलेमच्या ओढीने घर सोडून ते मोंतसेरातकडे निघाले. वाटेत यात्रेकरूचा जाडाभरडा कपडा, काठी आणि दोरीच्या तळव्यांच्या चपलांचा जोड विकत घेतला, पण चप्पल घातली एकच. एका पायाला अजून पट्टी होती आणि खेचरावर बसून जाऊनही तो रोज रात्री सुजत असे. त्या पायाला पादत्राण हवे, असे त्यांना वाटले. दुसरा पाय अनवाणी ठेवला. मला हे फार शहाणपणाचे वाटते. तपाची हौस इतकी असलेल्या माणसाने दुखऱ्या पायाचे ऐकले, आणि दुखऱ्या पायाची सबब सांगून धडक्या पायाला सूट दिली नाही.

ते नेहमीच असे वागले असे नाही. मान्रेसा येथे त्यांनी उपासतापासाचा अतिरेक केला आणि पोटाचे दुखणे कायमचे मागे लावून घेतले. ते भोगल्यावर १५४८ मध्ये त्यांनी फ्रान्सिस बोर्जा यांना उपास कमी करा, असे पत्र लिहिले. शरीरही परमेश्वराचेच, त्याचाही हिशेब द्यायचा आहे, असा त्या सल्ल्याचा आशय.

आता नवसाचे पाहू. १९८३ च्या कॅनन कायद्यात नवसाची व्याख्या आहे : शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीबद्दल देवाला विचारपूर्वक, स्वखुशीने दिलेले वचन. ‘शक्य’ हा शब्द तिथे उगाच नाही. घोटा मोडल्यावर चालणे हे शक्यही नाही आणि चांगलेही नाही. परिस्थिती मुळातूनच बदलली तर नवसाचे बंधन सुटते. खासगी नवस आपण होऊन तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत बदलता येतो, आणि योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचा धर्मगुरूही त्यातून मोकळीक देऊ शकतो. म्हणजे देव वही घेऊन पावले मोजत बसलेला नाही.

कोणी विचारेल, मग पहिल्या फोडालाच टेम्पो गाठावा का? नाही. वेदना आणि इजा यांत फरक आहे. पोटऱ्या भरून येणे, तळव्याला फोड येणे ही वाटेची वेदना. ती सोसायला तर आपण निघतो. पण पायावर भार टाकता येत नसेल, सूज चढत असेल, तर थांबून एक्स-रे काढावा. मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी चालूच नये. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, फोड कळत नाही आणि त्याची जखम चिघळते.

खरी अडचण मात्र पायाची नसते. टेम्पोत बसल्यावर चालणारे आपल्याकडे पाहतात, ते सोसत नाही. संत थॉमस अक्विनास म्हणतात की धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे नसून टिकून सोसणे आहे. चालण्याचे धैर्य पुष्कळांत असते. दुसऱ्याच्या हातात पाय देऊन तेल चोळून घेण्याचे धैर्य मोठे. वारीत मुक्कामावर अनोळखी माणसे वारकऱ्यांचे पाय चेपतात. पाय मागे ओढणारा त्यांची सेवाच हिरावून घेतो. पेत्रानेही आधी पाय मागेच ओढला होता ना?

आणि सोबत्यांचे काय? चांगल्या शोमरोनीने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे स्वतः पायी चालला. त्या दिवशी त्याचा प्रवास लांबला, पैसेही गेले. जथ्यात कोणी मागे पडले तर एकाने तरी त्याच्याबरोबर थांबावे, मग मतमाउलीच्या दारी पोहोचायला संध्याकाळ झाली तरी चालेल.

त्या बाई शेवटी टेम्पोत बसल्या. उरलेल्या वाटेवर त्यांनी चालणाऱ्यांसाठी पाणी भरून ठेवले आणि रोझरी सांगितली.

यंदा ज्यांनी पायी जाण्याचा नवस बोलला आहे आणि तब्येत साथ देत नाही, त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत मला भेटावे. पाच मिनिटांचे काम आहे. जाणाऱ्यांनी जुन्या, पायात बसलेल्या चपला घालाव्यात, नव्या नकोत.

आपला,
फादर