आधी लोखंडाले विचार

सेलू तालुक्यातल्या एका गावात एका म्हाताऱ्या लोहाराची भट्टी होती. सारं गाव त्यांना आबाजी म्हणायचं. मृगाच्या तोंडावर वखराच्या पासा पाजवायला भट्टीपुढे रांग लागायची, ते दिवस आता सरले होते. शेतात ट्रॅक्टर आले, बैलगाड्यांसोबत चाकांवरच्या धावाही गेल्या. आबाजींचा भाता मात्र थांबला नव्हता.

बारावी झालेला एक पोरगा त्यांच्याकडे काम शिकायला येऊ लागला. सोयाबीनची सोंगणी जवळ आली होती. आईसाठी आपल्या हातचा विळा करायचा, असं त्याच्या मनात होतं. वर्ध्याच्या दुकानातून त्यानं नवी कोरी पट्टी आणली आणि दोन दिवस राबून देखणा विळा घडवला. दोन तासं सोंगून होईतो विळ्याची धार मुडपली.

"लोखंड खोटं निघालं, आबाजी."

आबाजी काही बोलले नाहीत.

ट्रकच्या कमानीचा पाटा लई कडक असतो, असं पोराला कोणीतरी सांगितलं. भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं त्यानं एक पाटा आणला, ठोकून ठोकून विळ्याच्या आकारात आणला आणि लालभडक तापवून थेट बादलीतल्या पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला. कानस लावली तर ती नुसती घसरत होती. पोरगा हरखला. परीक्षा म्हणून त्यानं विळा ऐरणीवर आपटला आणि खापरासारखे त्याचे दोन तुकडे झाले.

"हेही खोटंच!"

आता मात्र आबाजी उठले. तुकडे उचलून कोपऱ्यात ठेवले. "एक मऊ म्हणून खोटं, दुसरं कडक म्हणून खोटं. तू त्याहिले विचारलं काय, तुमी कोण हाय म्हणून?"

"लोखंडाले कसं विचाराचं?"

"उद्या ये. सांगतो."

दुसऱ्या दिवशी आबाजींनी आधी नव्या पट्टीचा तुकडा ग्राइंडरला लावला. लांब, सरळ ठिणग्या उडाल्या. मग पाट्याचा तुकडा लावला. ठिणग्या आखूड आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. "पाहाय, बोलते का नाई?" ठिणगी फुटते ती पोलादातल्या कार्बनमुळे. साध्या पट्टीत तो पाव टक्क्याहूनही कमी, म्हणून तिला कितीही पाणी पाजलं तरी धार टिकत नाही. कमानीच्या पाट्यात तो अर्धा-पाऊण टक्का असतो. पाटा पाणी धरतो, पण घाई केली तर तडकतो.

पोरानं भंगारातला पाइपाचा तुकडा भट्टीकडे नेला, तसा आबाजींनी त्याचा हात धरला. "त्याच्यावर जस्त हाय. त्याचा पांढरा धूर ताप आणते. हेही आधी विचाराव लागते."

मग पाट्याचा उरलेला भाग घेतला. नारिंगी असेतो ठोकला, काळपट होताच पुन्हा भट्टीत. आकार आल्यावर आबाजींनी लोहचुंबक दिलं. तापता तापता सुमारे 770 अंशांना पोलाद चुंबकाला धरेनासं होतं. तसं झाल्यावर आणखी थोडं तापवून विळा कोमट तेलात बुडवला. शेवटी धार घासून उजळ केली आणि पाठीकडून मंद आच दिली. उजळ पात्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढत धारेपर्यंत आला. "थांब! आता कडकपणा पायजे तेवढाच उतरला. मोडत नाई, मुडपत नाई."

विळा निवत असताना आबाजींनी बापाची आठवण काढली. 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचं काम चाले. 1938 साली तिथं मगन संग्रहालय उघडलं. "माहा बाप ते पाहून आला अन् म्हणे, गावात जे हाय त्याची पारख केली, त गावाले बाहेर हात पसराव लागत नाई."

सोंगणीच्या दिवशी आई संध्याकाळी घरी आली. विळा भिंतीला टेकवत म्हणाली, "दिवसभरात एकदाच धार लावली रे बाबा."

पोरगा तसाच भट्टीवर गेला. कोपऱ्यातले ते दोन तुकडे त्यानं भट्टीत घातले. त्यांची दोन खुरपी झाली. मऊ पट्टीतून खुरप्यांच्या मुठींना दोन कड्या निघाल्या; त्या वाकवायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतंच. खुरपी आबाजींच्या हातात देत तो म्हणाला, "आबाजी, दोन्ही लोखंडं खरीच होती."

आबाजी हसले आणि भाता ओढू लागले.

तात्पर्य : कोणतीही वस्तू आणि कोणताही माणूस खोटा ठरवण्याआधी, तो कशासाठी घडला आहे हे त्याला विचारावं. पारख केली की भंगारातही काम सापडतं; पारख केली नाही तर कोऱ्या पट्टीचंही भंगार होतं.