ताटातल्या भाकरीचे गाव



ज्येष्ठ वद्यात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेवर गावोगाव पंगती बसतात. पुण्या-मुंबईची मंडळी पिठले-भाकरी खाऊन म्हणतात, 'माउली, भाकरी लई गोड!' परंतु ती कोणत्या रानातून आली, हे कितीजण विचारतात?

शहरातल्या पोरांना धान्याचे गाव म्हणजे दुकान. दोष पोरांचा नव्हे. आपण कधी सांगितलेच नाही. माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा मुलूख. ढग घाटमाथ्यावर रिते होतात, इकडे थोडेच पोहोचते. परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू पेरतात. तो थंडीवर वाढतो, माघ-फाल्गुनात काढणीला येतो. मग खुडणी, मळणी, उफणणी. तेव्हा कुठे एक भाकरी! हळदीचेही तसेच. कृष्णाकाठी ती आठ-नऊ महिने जमिनीत राहते. मग काढायची, शिजवायची, वाळवायची, तेव्हा ती सांगलीच्या पेठेत येते. आपण घेतो चिमूटभर.

अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच पांडुरंग भेटला, असे परंपरा सांगते. मग खाणाऱ्याने मळ्याकडे पाठ करून देव कोठे शोधावा?

कुणी म्हणेल, 'महाराज, आम्ही दाम मोजून घेतो, आणखी काय हवे?' दाम द्यावाच, पुरता द्यावा. पण दामाने धान्याची किंमत चुकते, ऋण चुकत नाही. शिवाय शेतकरी खपेल तेच पेरणार. शहराच्या ताटातून शाळू गेला, तर रानातूनही जाईल. त्याच्याबरोबर कडबा जाईल. मग मुक्या जनावरांनी काय खावे?

तेव्हा आपण सर्वांनी या वारीत नेम धरू. पानात टाकायचे नाही. वाढणाऱ्या माउलीला विचारायचे, 'हे धान्य कुठल्या रानाचे?' तिचा पत्ता घ्यायचा आणि सुगीला वर्षाची ज्वारी तिच्याच खळ्यावरून न्यायची. हुरड्याच्या दिवसांत पोरांना शिवारात न्यायचे. हुरडा खाऊ द्यावा, पण दोन पाट्या कणसेही खुडू द्यावीत. मुंबईतल्या कितीकांचे मूळ गाव सातारा-सांगलीकडेच आहे. त्यांना तर नुसते घरी जायचे आहे.

टाळ वाजवीत आपण ज्या शेताच्या बांधावरून जातो, तिथे राबणारे हातही माउलींचेच. त्यांना ओळख देऊ, मग पंढरी गाठू.

पुंडलीक वरदे हरी विठ्ठल!