डावा कौल

मळलेल्या वाटेने गड चढणारा गट आणि वाट शोधायला निघालेला गट बाहेरून सारखेच दिसतात. पाठीवर तशाच सॅक, पायात तसेच बूट, पुढे एक म्होरक्या. पण दोघांच्या विश्वासाची जात वेगळी आहे. पहिल्या गटातला माणूस म्होरक्यावर विसंबतो, कारण त्याने ती वाट पाहिलेली असते. दुसऱ्या गटात म्होरक्याही तितकाच नवखा. आपल्या धर्मपरंपरेत वाटेचा विचार पुष्कळ झाला, पण बहुतेक पहिल्या प्रकारच्या वाटेचा. आळंदीहून निघालेल्या पालखीचा मुक्काम कुठे, रिंगण कुठे, कोणती दिंडी कितव्या क्रमांकावर, सगळे ठरलेले असते. गुरूच्या मागे जायचे तेही तो पल्याडचे पाहून आला आहे म्हणून. मग ज्याने वाट पाहिलेलीच नाही, त्याच्या मागे निघणे ही श्रद्धा म्हणायची की निव्वळ बेफिकिरी? मला वाटते, ती श्रद्धा ठरू शकते, पण एका अटीवर. गटातल्या कोणालाही ‘मागे फिरू या’ म्हणता आले पाहिजे आणि ते ऐकले गेले पाहिजे. ही अट पाळणे किती कठीण आहे आणि त्यावर माणसांनी काय तोड काढली, हे मालवण तालुक्यातल्या देवळांकडे पाहिले की नीट कळते.

आधी अडचण काय ते पाहू. कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरून कुडाळ-सावंतवाडीकडे उतरणाऱ्या अनेक जुन्या वाटा रस्ते झाल्यावर मोडल्या. त्या पुन्हा शोधायला जे गट जातात, त्यांना रान फसवते ते वाट नाही म्हणून नव्हे, वाटा फार आहेत म्हणून. ढोरवाट कारवीत शिरून संपते. गव्यांची वाट माणसाच्या वाटेइतकीच रुंद आणि मळलेली असते, पण गव्याला गावात जायचे नसते, पाण्यावर जायचे असते. घळीतून उतरताना खरा निर्णय दोराशी येतो. कड्याच्या टप्प्यावर दोर दुहेरी घालून सगळे खाली उतरले आणि एक टोक ओढून दोर खाली घेतला, की मागची वाट बंद. पुढे आणखी मोठा कडा असला तरी आता पुढेच जायचे. दोर ओढण्याआधीच्या त्या दोन-चार मिनिटांत कोणाच्या तरी मनात शंका असते, पण ती बोलली जात नाही. नवख्याला वाटते, जुन्यांना माहीत असेल. जुन्याला वाटते, आपणच कच खाल्ली तर बाकीचे काय म्हणतील. म्होरक्याला वाटते, कोणी काही बोलत नाही म्हणजे सगळे तयार आहेत. प्रत्येकाचा विश्वास दुसऱ्याच्या मौनावर उभा असतो. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर नेमके हेच मोठ्या प्रमाणावर घडले. दुपारी दोनपर्यंत शिखर गाठले नाही तर फिरायचे, हे ठरलेले होते. तरी दोननंतरही माणसे चढत राहिली, संध्याकाळी वादळ आले आणि आठ जण गेले. त्यांत दोन मोहिमांचे नेते, रॉब हॉल आणि स्कॉट फिशर, हेही होते. हॉलच्याच गटातले काही जण मात्र त्या दिवशी दुपार होण्याआधी आपण होऊन मागे फिरले आणि वाचले. नियम होता, अनुभव होता. नव्हती ती नियमाची आठवण करून देणारी, कोणाच्याही अभिमानाला बांधील नसलेली वाणी.

अशी वाणी कुठून आणायची, हे पाहायला आता मालवण तालुक्यातल्या आचऱ्याकडे येऊ. आचरे गावची गावपळण प्रसिद्ध आहे. दर तीन-चार वर्षांनी सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जाऊन तीन दिवस, तीन रात्री उघड्यावर राहुट्या घालून राहतो. गावातली मुस्लिम कुटुंबेही त्यात असतात. निघायचे कधी, हे ग्रामदैवत रामेश्वराच्या कौलाने ठरते, आणि परतायचे कधी, हेही कौलानेच. गुरव गाऱ्हाणे घालतो, पाषाणावर कळे किंवा पाकळ्या पाण्याने चिकटवतो आणि सगळे वाट पाहतात. उजवीकडची पडली तर होकार, म्हणजे उजवा कौल, डावीकडची पडली तर नकार, म्हणजे डावा कौल. डावा कौल आला तर घरी परतायची कितीही ओढ असली तरी मुक्काम वाढतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेलाही ठरावीक तिथी नाही, मुंबईहून येणारे हजारो चाकरमानी देवीच्या कौलाची वाट पाहतात. या रीतीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की इथे नकाराला सन्मानाची जागा आहे. डावा कौल मिळाला म्हणून कोणी भित्रा ठरत नाही, कोणाचा बेत हाणून पाडल्याचा ठपका कोणावर येत नाही. निघण्याच्या उत्साहात असलेल्या समूहाने आपणहून थांबून ‘नको’ ऐकायची तयारी ठेवली आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. पाकळी कुठे पडते ते पाण्यावर, दगडावर आणि वाऱ्यावर अवलंबून. तिला घळीतल्या कड्याची काय माहिती? हे मला पूर्ण मान्य आहे. पाकळीच्या भरवशावर कोणी दोर ओढू नये. पण आचरेकर कौल मागतो तेव्हा तो ज्ञान मागत नसतो, अनुज्ञा मागत असतो. ज्ञान नकाशातून, वाटाड्याकडून, पायाखालच्या घसाऱ्यातून मिळवायचे. अनुज्ञा मागणे म्हणजे माझी इच्छा हा शेवटचा शब्द नव्हे, असे सर्वांसमक्ष कबूल करणे. श्रद्धाळू माणूस उलट बाजूने विचारेल की देवाच्या शब्दाला तुम्ही गट सांभाळण्याची युक्ती करून टाकलीत का? तसे नाही. विचारणारा खरोखर नमलेला नसेल तर डावा कौल आल्यावर तो पुन्हा लावा म्हणेल, उजवा येईपर्यंत लावत राहील. युक्ती म्हणून वापरला तर कौल चालतच नाही. त्यामागची शरणागती खरी असावी लागते. ती कोणापुढे, याचे उत्तर आस्तिक आणि नास्तिक वेगवेगळे देतील, पण डोंगरावर दोघांनाही ती लागते.

दुसरा आक्षेप धाडसाच्या बाजूचा. मागे फिरणाऱ्यांनी कधी काही शोधले आहे का? सिंधुदुर्गातच याचे उत्तर आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पे २०२२ साली कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अशी शिल्पे एका झपाट्यात सापडत नाहीत. पावसाळ्यानंतर सडा, म्हणजे कातळाचे पठार, गवताने झाकलेला असतो, रेषांमध्ये माती बसलेली असते, डोक्यावरच्या उन्हात उथळ कोरीव काम दिसतच नाही. गवत वाळल्यावर, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तोच सडा पुन्हा तुडवावा लागतो, गुराख्याला विचारावे लागते. रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्या हा त्या शोधाचाच भाग असतो. जो पुन्हा येऊ शकतो, तोच शोधू शकतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. कौल कोण लावतो, गाऱ्हाणे कोण घालतो, पहिला मान कोणाचा, हे गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या व्यवस्थेत, जन्माने ठरते. तिथे देवापुढे सगळे नमतात, पण प्रश्न विचारण्याचा अधिकार सगळ्यांना नसतो. हा दोष झाकता येणार नाही, आणि इथे परंपरेपासून बाजूला व्हावेच लागेल. गीतेत कृष्ण अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतो की पूर्ण विचार कर आणि मग तुला हवे ते कर. ज्याला वाट ठाऊक आहे तोही जर निर्णय शिष्याच्या हाती परत देतो, तर ज्याला ती ठाऊक नाही त्या म्होरक्याने तो स्वतःकडे ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून दोर ओढण्याआधी प्रत्येकाला नाव घेऊन विचारले पाहिजे, आणि सर्वांत नवख्याला सर्वांत आधी, म्हणजे जुन्यांची मते ऐकून तो आपले मत गिळणार नाही. त्यांतल्या एकानेही ‘नको’ म्हटले तर त्याच्याकडे कारण मागू नये, कारण भीतीला पुष्कळदा शब्द सापडत नाहीत आणि वाद घालण्यात जुनी माणसे नेहमीच सरस ठरतात. दोर जागेवर राहू द्यावा आणि चढायला सुरुवात करावी.